गॅरेजमध्ये काम बिघडलं तर? पिकअप-ट्रकवाल्यांनी बिल, जुने पार्ट आणि तक्रारीबाबत काय लक्षात ठेवावं

अवसरी बुद्रुक : संध्याकाळी शेतात टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री गाडी हलवायची आणि पहाटेच्या आत बाजार गाठायचा, हे अवसरी बुद्रुक, पारगाव, मंचर, कळंब या पट्ट्यातल्या गाडीवाल्यांचं रोजचं गणित. डिंभे धरणाचं पाणी तालुक्याच्या पूर्व भागात आलं, बागायत वाढली आणि तिच्याबरोबर गाड्याही वाढल्या. नारायणगावचा टोमॅटो बाजार, मंचरची बाजार समिती, वाशीची घाऊक बाजारपेठ, हंगामात पारगावच्या भीमाशंकर कारखान्याची ऊस वाहतूक, अशी सगळी धाव या गाड्यांवर चालते. गाडी बंद पडली की माल तर थांबतोच, पण त्या दिवसाचा बाजारभावही हातचा जातो.

२०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावात २० किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला होता. दीड टनाच्या पिकअपमध्ये ७५ क्रेट बसतात असं धरलं, तर त्या दिवसांत एका गाडीत दीड लाखाचा माल होता. अशी गाडी माळशेज घाटात किंवा खेडजवळ रात्री अडकली आणि कारण निघालं कालच गॅरेजमध्ये केलेलं काम, तर नुकसान कुणाचं? बहुतेक वेळा ते गाडीवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्याच अंगावर पडतं. कारण हातात बिल नसतं, जुना पार्ट भंगारात गेलेला असतो आणि सगळा व्यवहार तोंडी झालेला असतो.

कायदा गाडीवाल्याच्या बाजूने आहे, पण कागद असेल तरच. काम टाकण्यापासून तक्रार करेपर्यंत काय करता येतं, त्याची ही माहिती.

काम नेमकं कुठं बिघडतं

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणपासून आळेफाट्यापर्यंत ढाब्यांच्या शेजारी, पंपांजवळ आणि फाट्याफाट्यावर गॅरेज आहेत. आळेफाट्याला तर कल्याण-अहिल्यानगर रस्ताही येऊन मिळतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या तिथं कायम थांबलेल्या दिसतात. यातले अनेक मेस्त्री हाताने तरबेज आहेत. मध्यरात्री उठून जॅक लावणारी माणसंही तिथंच भेटतात. पण रस्त्यावरच्या गॅरेजला एक गोष्ट माहीत असते, की ही गाडी पुन्हा येणार नाही. गावातल्या मेस्त्रीला नाव जपावं लागतं, हायवेवरच्या प्रत्येकाला ते लागतंच असं नाही.

तक्रारी साधारण पाच प्रकारच्या असतात.

पहिली, डुप्लिकेट माल ओरिजिनलच्या भावात. लायनर, बेअरिंग, ऑइल फिल्टर, क्लच प्लेट यांत हे जास्त होतं. खोकं कंपनीचं, आतला माल लोकल.

दुसरी, एकाच बाजूचं काम. ब्रेक लायनर एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकदम बदलायला हवेत. एकाच चाकाचा बदलला तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. भरलेली गाडी घाट उतरताना हे जिवावर बेततं. ड्रम लेथवर मारून वापरायचीही हद्द असते. जास्तीत जास्त किती व्यास चालेल हे बहुतेक ड्रमवरच कोरलेलं असतं. त्यापुढे ड्रम मारला तर तो पातळ होतो, तापतो आणि तडकतो.

तिसरी, रोग एक आणि इलाज दुसरा. गाडी गरम होते म्हणून हेड उतरवलं जातं, खरं कारण थर्मोस्टॅट किंवा फॅनचा पट्टा असतो. सेल्फ लागत नाही म्हणून बॅटरी बदलली जाते, दोष अल्टरनेटरमध्ये असतो.

चौथी, न सांगता वाढवलेलं काम. ठरलेले असतात आठ हजार आणि गाडी घ्यायला गेल्यावर सांगतात वीस.

पाचवी, नव्या बीएस-६ गाड्यांवर केलेला जुगाड. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत सेन्सर, धूर गाळणारी यंत्रणा आणि बऱ्याच गाड्यांत युरियाची टाकी असते. स्कॅनर नसलेला मेस्त्री वायर कापून दिवा घालवतो. दिवा जातो, दोष तसाच राहतो. त्यात कंपनीची वॉरंटीही जाऊ शकते. धुराची यंत्रणा बायपास करणं हा बेकायदेशीर बदल आहे आणि त्याची जबाबदारी गाडीमालकावर येते.

काम टाकण्याआधी

गाडी उभी केल्याबरोबर स्पीडोमीटरचं किलोमीटर, डिझेलचा काटा, बॅटरी, स्टेपनी, जॅक आणि ताडपत्री यांचे फोटो काढून ठेवावेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दुरुस्तीसाठी ताब्यात घेतलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी काळजी त्याने घ्यायला हवी. नंतर स्टेपनी बदललेली निघाली तर हे फोटोच उपयोगी पडतात.

काय काम करायचं, कोणता पार्ट पडणार, पार्टची किंमत किती, मजुरी किती आणि गाडी कधी मिळणार, हे लिहून घ्यावं. गॅरेजला छापील जॉबकार्ड नसेल तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाकावा आणि समोरच्याकडून "ठीक आहे" एवढं तरी उत्तर घ्यावं. खर्च वाढणार असेल तर आधी फोन करा आणि जुने पार्ट परत द्या, या दोन ओळी त्यात असाव्यात. जुना पार्ट हाती असला की तो खरंच बदलला का आणि बदलायची गरज होती का, हे दुसऱ्या मेस्त्रीला दाखवता येतं.

आणखी एक ओळ फार महत्त्वाची आहे, पण ती कुणीच लिहीत नाही : "उद्या रात्री टोमॅटो घेऊन वाशीला जायचं आहे, गाडी त्यासाठी तयार हवी." करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करार मोडल्याची भरपाई दोन प्रकारच्या नुकसानीला मिळते. एक म्हणजे त्यातून साहजिकच होणारं नुकसान आणि दुसरं म्हणजे होऊ शकतं हे दोघांनाही करार करतानाच माहीत असलेलं नुकसान. गॅरेजवाल्याला मालाचं आधी सांगितलेलं असेल तर पुढे माल खराब झाल्याची भरपाई मागायला आधार राहतो. सांगितलंच नसेल तर "मला काय माहीत गाडीत काय भरणार होते" एवढं म्हणून तो मोकळा होऊ शकतो.

पार्टचं खोकंही बघून घ्यावं. बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्काचा नंबर छापलेला असायला हवा. मोठ्या कंपन्या होलोग्राम किंवा क्यूआर कोडही देतात. खोकं फेकू न देता बिलाला जोडून ठेवावं.

गाडी ताब्यात घेताना

घाई असते हे खरं. पण पंधरा मिनिटांची तपासणी रात्रीचा खोळंबा वाचवते.

- ब्रेकचं काम असेल तर आधी मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून बघावा, गाडी सरळ थांबते का. पाच-दहा किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्यावा, ड्रमला लावू नये. एकच चाक जास्त तापलं असेल तर लायनर घासतोय.
- हवेचा ब्रेक असेल तर हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावं आणि काही मिनिटं काटा बघावा. काटा भराभर उतरला तर गळती आहे.
- चाक उतरवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत. चाक निखळायचं कारण बरेचदा एवढंच असतं.
- इंजिन चालू ठेवून चार्जिंग मोजावं. १२ व्होल्टच्या गाडीला साधारण १४ आणि २४ व्होल्टच्या गाडीला साधारण २८ व्होल्ट दिसायला हवेत.
- इंजिनाचं काम असेल तर ऑइलची पट्टी, पाणी, फिल्टरजवळची गळती आणि तापमानाचा काटा बघावा. इंजिन पूर्ण खोललं असेल तर पहिल्याच फेरीला घाटात पूर्ण लोड घेऊ नये.
- स्टिअरिंगचं काम असेल तर बॉल जॉइंटची पिन बसवली आहे का, ते डोळ्याने बघावं.

मग बिल. "जीएसटी लागेल, त्यापेक्षा कच्ची पावती घ्या" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ज्या गॅरेजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण जीएसटी नसला तरी बिल देता येतं आणि ते द्यायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर, पार्टचं नाव व नंबर, मजुरी आणि किती दिवसांची गॅरंटी, हे सगळं असावं. दुरुस्तीच्या कामाला अमुक दिवस गॅरंटी असा सरसकट आकडा कायद्यात नाही, त्यामुळे जे लिहून घेतलं तेच कामाला येतं. पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत, तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते.

गॅरेजवाल्याने गाडी अडवून धरली तर

इथं दोन्ही बाजूंची समजूत चुकते. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. त्यामुळे "पैसे नंतर देतो, गाडी सोड" म्हणून दमदाटी करणं गाडीवाल्याच्याच अंगाशी येऊ शकतं.

पण हा हक्क त्याच गाडीच्या, त्याच कामापुरता आहे. मागच्या वर्षीची उधारी किंवा भावाच्या दुसऱ्या गाडीचं बिल यासाठी आजची गाडी धरता येत नाही, तसा वेगळा करार केलेला असेल तर गोष्ट वेगळी.

बिल अवाच्या सवा वाढवलं आहे आणि आत माल खराब होतोय, अशा वेळी काय करायचं? व्यवहारातला मार्ग असा की रक्कम यूपीआयने भरावी, "बिल मान्य नाही, माल खराब होऊ नये म्हणून हरकत नोंदवून रक्कम देत आहे" असा मेसेज लगेच पाठवावा आणि गाडी बाहेर काढावी. पैसे दिले म्हणजे बिल कबूल केलं, असं मग सहज म्हणता येत नाही. मारहाण, धमकी किंवा चावी हिसकावण्याचा प्रकार झाला तर ११२ ला फोन करावा.

गाडी रस्त्यात पुन्हा बंद पडली तर

आधी जीव, मग माल, मग भांडण. गाडी कडेला घ्यावी, पार्किंग दिवे लावावेत, मागे अंतरावर त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. चांडोली आणि चाळकवाडी टोलनाक्यांच्या रस्त्यावरही तोच लावायचा. माल दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवावा. नुकसान वाढू न देणं ही ज्याचं नुकसान झालं त्याचीही जबाबदारी असते. दुसऱ्या गाडीच्या भाड्याची पावती मात्र जपून ठेवावी, ती भरपाईत मागता येते.

सर्वात मोठी चूक इथंच होते. चिडलेला चालक जवळच्या दुसऱ्या मेस्त्रीकडून लगेच खोलून घेतो आणि तुटलेला पार्ट तिथंच टाकून देतो. पुरावा त्या भंगाराच्या ढिगात जातो. त्यामुळे खोलण्याआधी व्हिडिओ काढावा. पहिल्या गॅरेजला फोन आणि मेसेज करून "या, बघा, नाहीतर मी दुसरीकडे दुरुस्त करतो" असं कळवावं. त्याला संधी दिली हे नंतर फार उपयोगी पडतं. तो आला नाही तर दुसऱ्या मेस्त्रीकडून, जमल्यास कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून, दोष काय होता ते सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावं. तुटलेला पार्ट पिशवीत घालून घरी आणावा.

माल खराब झाला असेल तर काट्याची पावती, आडत्याची पट्टी आणि त्याच दिवशीच्या चांगल्या मालाचा बाजार समितीचा भाव, हे तीन कागद जोडावेत. दोन भावांतला फरक तेच दाखवतात.

अपघात झाला तर प्रश्न आणखी वाढतो. "ब्रेक फेल झाला" एवढं सांगून मालकाची सुटका होत नाही. १९७७ मध्ये एका मालट्रकच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बिघाडामुळे अपघात झाला आणि योग्य ती काळजी घेऊनही तो दोष लपून राहिला, हे मालकानेच सिद्ध करायचं असतं. धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १,५०० रुपये दंड आहे. त्यातून कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ब्रेकच्या कामाचं पक्कं बिल गॅरेजशी भांडताना लागतंच, आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मालकाला स्वतःच्या बचावासाठीही तेच दाखवावं लागतं.

ट्रकवाला "ग्राहक" ठरतो का?

गाडी धंद्यासाठी आहे, मग ग्राहक कायदा लागू नाही, असं सांगून गाडीवाल्याला वाटेला लावलं जातं. कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यातून पुन्हा आत घेतली आहे.

यावर १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही दाखवला जातो. वाद एका मशिनचा होता आणि तो महाराष्ट्र राज्य आयोगातून वर गेला होता. पण न्यायालयाने उदाहरण दिलं ते ट्रक आणि रिक्षाचं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी तो ग्राहकच राहतो. पण गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला देणारा ग्राहक ठरत नाही.

म्हणून तक्रारीत "ही गाडी मी स्वतः चालवतो, कुटुंबाचा उदरनिर्वाह तिच्यावर आहे" हे वाक्य घालायलाच हवं. लायसन्स आणि आरसीची प्रत जोडावी. दहा-वीस गाड्यांच्या वाहतूकदाराला हा मार्ग अवघड आहे, त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागू शकतं.

तक्रार कुठे आणि कशी

पहिली पायरी १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण दोघांत तडजोड घडवायचा प्रयत्न करते.

दुसरी पायरी लेखी नोटीस. वकीलच हवा असं नाही. काय काम दिलं, किती पैसे दिले, काय बिघडलं, किती भरपाई हवी आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या, एवढं साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टने पाठवावं आणि पोहोच जपून ठेवावी.

तिसरी पायरी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. म्हणजे बहुतेक गाडीवाल्यांना एक रुपयाही फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. ती "ई-जागृती" पोर्टलवर घरूनही दाखल करता येते.

लांब पल्ल्याच्या चालकांसाठी २०१९ च्या कायद्यात मोठी सोय झाली. आधी जिथं गॅरेज तिथं किंवा जिथं घटना घडली तिथं जावं लागायचं. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी धुळ्यात बिघडवली असो की गुजरातमध्ये, अवसरीचा माणूस पुण्यात दाद मागू शकतो.

आयोग पैसे परत द्यायला, दोष दूर करायला, नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यावा असं म्हणतो, तपासणी लागली तर पाच महिने. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरूनच चालावं. म्हणून रक्कम लहान असेल तर १९१५ वर किंवा नोटीस देऊन होणारी तडजोड बरी.

सल्ला हवा असेल तर विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

मेस्त्रीचीही बाजू

सगळा दोष गॅरेजचा नसतो. "ओरिजिनल नको, स्वस्तातला टाका" असं गाडीवालाच सांगतो आणि तो लवकर गेला की बोंब मारतो. ओव्हरलोड भरून पाटे तुटतात, नाव मेस्त्रीवर येतं. दोन दिवसांचं काम चार तासांत मागितलं जातं. उधारी तर वर्षानुवर्षं थकते. लिहून ठेवलेलं जॉबकार्ड अशा वेळी मेस्त्रीलाही वाचवतं. "गिऱ्हाइकाने लोकल लायनर सांगितला" अशी एक ओळ आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही असेल तर त्याच्यावर खोटा आळ येत नाही. चांगलं काम करणाऱ्याने बिल द्यायला घाबरायचं कारण नाही.

हिशेब तसा सोपा आहे. काम टाकताना दोन मिनिटांचा मेसेज, गाडी घेताना पंधरा मिनिटांची तपासणी आणि एक पक्कं बिल. एवढं जवळ असलं तर अवसरीचा घाट असो की माळशेज, गाडी उतरताना चालकाचा पाय ब्रेकवर निर्धास्त पडतो.

लक्षात ठेवायचे क्रमांक

- ग्राहक हेल्पलाइन : १९१५
- राष्ट्रीय महामार्ग मदत : १०३३
- पोलीस व तातडीची मदत : ११२
- रुग्णवाहिका : १०८
- मोफत कायदेशीर सल्ला : १५१००